फौजेची पेन्शन, बँकेचा पगार आणि घरचा ऊस : रिटर्नमध्ये काय कुठे लिहायचं?

प्रश्न असा आला आहे : "वडील सुभेदार पदावरून निवृत्त झाले. वय ५२. आता बँकेत नोकरीला आहेत. पेन्शन वर्षाला ४ लाख २० हजार, बँकेचा पगार ९ लाख ६० हजार. दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्य आहे. वडिलांचे मित्र म्हणतात, फौजेची पेन्शन करमाफ असते, दाखवायचीच नसते. शेतात थोडा ऊस आहे, खर्च वजा जाता दीड लाख राहतात. यंदा रिटर्न मीच भरणार आहे. काय, कुठे लिहू?"

ताई, सुभेदार साहेबांच्या मित्रांना माझा रामराम सांगा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. फौजेची साधी सेवा पेन्शन करमाफ नाही. कायद्याच्या लेखी तो पगारच आहे; आयकर कायद्याच्या कलम १७(१) मध्ये पगाराची जी व्याख्या आहे, तिच्यात पेन्शनचं नाव सरळ लिहिलेलं आहे. मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. निवृत्तीनंतर बरीच वर्षं साताऱ्यात रिटर्न भरायचं काम करतो. जुलैत माझ्यासमोर बसणारी निम्मी माणसं फौजेच्या काळ्या पेटीतून कागद काढणारी असतात आणि त्यातले चार-पाच जण तरी दरवर्षी हेच वाक्य बोलतात : "साहेब, आपली पेन्शन तर टॅक्स फ्री ना?"

खालचा सगळा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ चा आहे. १९६१ च्या कायद्याखालचं हे शेवटचं वर्ष. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा पुढच्या वर्षी हे उत्तर उघडून कलमं जशीच्या तशी उतरवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही. दोन्ही फॉर्म १६ वर, म्हणजे पगार-पेन्शन आणि कापलेला कर यांच्या दाखल्यांवर, कर शून्य आहे, म्हणून तुम्ही निश्चिंत दिसता. घोटाळा नेमका तिथेच आहे.

पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला फक्त पेन्शन दिसते. त्यांनी ४,२०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारदाराला मिळणाऱ्या ठरावीक वजावटीचे, ७५,००० वजा केले, राहिले ३,४५,०००. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून शून्य. बँकेला फक्त बँकेचा पगार दिसतो. त्यांनीही ९,६०,००० मधून ७५,००० वजा केले, राहिले ८,८५,०००. त्यावर कर २८,५०० होतो, पण १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७अ ची सूट बसली आणि तोही शून्य. दोघांनी आपापल्या जागी बरोबर काम केलं. बेरीज मात्र कुणीच केली नाही, आणि ती करायची जबाबदारी साहेबांची आहे.

बेरीज करू. १३,८०,००० एकूण पगार. स्टँडर्ड डिडक्शन माणसामागे एकदाच मिळतं, फॉर्म १६ मागे एक नव्हे. म्हणून ७५,००० एकदाच वजा, राहिले १३,०५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या १,०५,००० वर १५ टक्क्यांनी १५,७५०. झाले ७५,७५०. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे ८७अ ची सूट गेली. ४ टक्के उपकर धरून ७८,७८०. कापलेला कर शून्य, देणं पाऊण लाखाच्या वर.

जुनी पद्धत घेतली तर वाचेल का, हे पुढचं कुणीतरी विचारणारच. ८०सी चे (विमा, पीएफ अशा बचतीच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण वापरले आणि ५०,००० चं जुनं स्टँडर्ड डिडक्शन घेतलं, तरी उपकराआधी कर १,६६,५०० होतो. मोठं गृहकर्ज वगैरे नसेल तर तो विषय सोडून द्या.

आणि आता ऊस.

उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे बरोबर. पण ते दाखवायचं नाही, हे चूक. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचा आकडा कराचा दर ठरवण्यासाठी मिळवला जातो. पद्धत अशी : १३,०५,००० मध्ये दीड लाख मिळवा, १४,५५,००० वर कर काढा, तो येतो ९८,२५०. मग ४ लाखांच्या मूळ सवलतीत तेच दीड लाख मिळवून साडेपाच लाखांवर कर काढा, ७,५००. दोन्हींतला फरक ९०,७५०. उपकर धरून ९४,३८०. म्हणजे उसावर कर नाही, पण उसामुळे कर १५,६०० रुपयांनी वाढला. हे ऐकल्यावर एका रिटायर्ड ऑनररी कॅप्टननी मला विचारलं होतं, "मग ऊस मोडून सोयाबीन लावू का?" त्यांना सांगितलं, साहेब, सोयाबीनही शेतीतच येतं.

हे दीड लाख तुम्ही कसे काढलेत तेही एकदा तपासा. कारखाना बिलातून विकास सोसायटीचं पीककर्ज कापून उरलेली रक्कम खात्यावर टाकतो, आणि घरोघरी तीच रक्कम ‘उसाचे आलेले पैसे’ म्हणून धरतात. कर्जाची मुद्दल हा खर्च नव्हे. पूर्ण बिल धरायचं. त्यातून बेणं, खत, पाणीपट्टी, मजुरी, कर्जावरचं व्याज असा खर्च वजा करायचा. कारखान्याची बिलं जपून ठेवा. सातबाऱ्यावर काकांचंही नाव असेल आणि पैसे खरोखर वाटले जात असतील, तर साहेबांच्या वाट्याचाच आकडा घ्या.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. तुम्हाला आयटीआर-२ भरावा लागेल. पोर्टल पहिल्यांदा आयटीआर-१ च सुचवेल, त्यात सगळं भरून झाल्यावर शेवटी अडेल आणि तुमची दुपार जाईल. शेती ५ लाखांच्या वर असती तर आयटीआर-२ ने जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, बागायत की जिरायत असं सगळं विचारलं असतं. दीड लाखाला ते नाही.

भरायचं असं. पगाराच्या शेड्युलमध्ये दोन वेगवेगळे मालक दाखवा. पहिला पेन्शनचा. नोकरीच्या प्रकारात ‘पेन्शनर्स – सेंट्रल गव्हर्नमेंट’ निवडायचं, ‘सेंट्रल गव्हर्नमेंट’ नुसतं नाही. नाव, पत्ता आणि टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) हे फॉर्म १६ वर असेल तसंच उतरवा. तो फॉर्म फौजी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवरून निघतो. रकमेच्या तपशिलात पेन्शनचा पर्याय निवडा. दुसरा मालक बँक. मग स्टँडर्ड डिडक्शनच्या रकान्यात ७५,००० एकदाच आले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा. आधी भरून आलेल्या माहितीवर विसंबू नका. त्यात कधी एकच मालक येतो, कधी पेन्शन अजिबात येत नाही. ज्यांची पेन्शन वर्षाच्या मध्येच बँकेकडून स्पर्शवर गेली, त्यांना त्या वर्षाचे पेन्शनचेच दोन फॉर्म १६ मिळाले होते. एकच जोडून रिटर्न भरलेली माणसं माझ्याकडे नोटीस घेऊन आली. निवृत्तीच्या पैशातून मुदत ठेव केली असेल तर तिचं व्याजही एआयएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या साहेबांच्या वर्षाच्या व्यवहारांच्या यादीत, बघून ‘इतर उत्पन्न’ मध्ये टाका. बँकेने त्यावर १० टक्के कापले असतील, साहेबांचा दर मात्र १५ चा आहे.

पेन्शनचा आकडा कोणता, यावर थोडं थांबतो, कारण इथे माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, म्हणजे कम्युट करता येते. समजा मूळ पेन्शन ३०,००० आणि निम्मी विकली. हातात येणारी मूळ पेन्शन १५,००० राहते, पण महागाईची रक्कम पूर्ण ३०,००० वरच मिळते. सोपं जावं म्हणून ५५ टक्के धरू : १६,५००. महिन्याला आले ३१,५००. करपात्र आहेत ते हेच ३१,५००. विकलेले १५,००० तुम्हाला मिळतच नाहीत, त्यांची एकरकमी किंमत निवृत्तीच्या वेळी मिळाली, आणि ती रक्कम कलम १०(१०अ) खाली फौजींना पूर्ण माफ आहे. तेव्हा कागदावर कुठे ४६,५०० चा ठोक आकडा दिसला, तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि महिन्याची पेन्शन स्लिप शेजारी ठेवून जुळवा. उलट चूकही तितकीच होते : काही जण फक्त मूळ पेन्शन दाखवतात आणि महागाईची रक्कम ‘भत्ता’ म्हणून गाळतात. ती गाळायची नसते.

पंधरा वर्षांनी विकलेली पेन्शन परत चालू होते. त्या वर्षी वरच्या उदाहरणातला माणूस ३१,५०० वरून ४६,५०० वर जातो, आणि घरात गैरसमज होतो की आजवर कर चुकीचा भरला. तसं काही नसतं. उत्पन्न वाढलं, एवढंच.

निवृत्तीच्या वर्षी ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि कम्युटेशन असे तीन मोठे आकडे एकदम येतात. सरकारी माणसाला तिन्ही माफ. ते फॉर्म १६ च्या एकूण पगारात धरलेले असतील, तर कलम १० च्या माफ रकमांच्या यादीतून त्या-त्या नावाने वजा करा. एकूण पगारात धरलेलेच नसतील आणि तुम्ही फक्त वजाबाकी केलीत, तर खराखुरा पगार कमी दिसेल. साहेबांचं ते वर्ष मागे गेलंय, म्हणून हे इथेच सोडतो.

आता मित्रांचं म्हणणं. ते अगदी हवेतून आलेलं नाही. तीन प्रकारच्या फौजी पेन्शन खरोखर माफ आहेत आणि ऐकीव गप्पांत त्या सगळ्यांच्या झाल्या.

पहिली शौर्य पदकवाल्यांची. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि सरकारने अधिसूचित केलेली इतर शौर्य पदकं मिळवलेल्यांची पेन्शन कलम १०(१८) खाली माफ आहे, त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणारी पेन्शनसुद्धा. दीर्घ सेवेचं किंवा चांगल्या वर्तनाचं मेडल यात येत नाही. छातीवर मेडलं सगळ्यांच्याच असतात.

दुसरी कारवाईत वीरमरण आलेल्यांच्या घरच्यांची. कलम १०(१९) प्रमाणे पत्नी, मुलं किंवा नेमलेले वारस यांना मिळणारी कुटुंब पेन्शन माफ आहे, मात्र मृत्यू कारवाईच्या कर्तव्यावर असताना, नियमांत दिलेल्या परिस्थितीत झालेला हवा. निवृत्तीनंतर घरी वारलेल्या फौजीच्या पत्नीची कुटुंब पेन्शन करपात्र आहे, आणि ती पगार नाही, ‘इतर उत्पन्न’ आहे. तिला ७५,००० मिळत नाहीत. नव्या पद्धतीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा होते, जुन्यात ती मर्यादा १५,००० आहे. आपल्याकडे वहिनींचं रिटर्न भरताना गेल्या वर्षीचं दादांचं रिटर्न समोर ठेवून भरतात, आणि कुटुंब पेन्शन पगारात जाऊन बसते.

तिसरी अपंगत्वाची पेन्शन, आणि खरा गोंधळ हिचा आहे. आयकर मंडळाच्या २००१ च्या सूचनेनुसार अपंगत्व पेन्शनचे दोन्ही भाग, सेवेचा आणि अपंगत्वाचा, माफ होते. जून २०१९ मध्ये मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं की सेवेमुळे आलेल्या किंवा वाढलेल्या शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना सेवेतून काढावं लागलं, त्यांनाच ही माफी. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी ‘जैसे थे’ चा आदेश झाला. माझा रिवाज साधा आहे. मेडिकल बोर्ड आउट, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलेला, असेल तर पीपीओची प्रत फाइलला लावतो आणि माफ उत्पन्नाच्या यादीत ‘डिफेन्स मेडिकल डिसॅबिलिटी पेन्शन’ नावाचा जो पर्याय आहे, त्यात रक्कम टाकतो. पूर्ण सेवा करून आला असेल आणि पीपीओत अपंगत्वाचा भाग असेल, तर रिटर्न भरण्याच्या दिवशी कायदा काय म्हणतो ते पाहून, त्याला समोर बसवून, लेखी विचारून ठरवतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आदेशाच्या फोटोवरून ठरवत नाही.

याच पर्यायाचा गैरवापर काही एजंट करतात. तीन वर्षांपूर्वी एक हवालदार आला. पेटीतून तीन वर्षांचे रिटर्न काढले. तिन्ही वर्षं बँकेच्या पगारावर कापलेला कर पूर्ण परत मिळालेला. कसा, ते त्याला माहीत नव्हतं. गावातल्या एकाने रिफंडच्या वीस टक्क्यांवर भरून दिलं होतं. मी पाहिलं तर पूर्ण सेवा पेन्शन अपंगत्वाची म्हणून दाखवलेली, वर राजकीय पक्षाला देणगी. माणूस धडधाकट, शिपायापासून हवालदारापर्यंत ‘शेप वन’, म्हणजे वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त. देणगी म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक नव्हतं. रिटर्नवर सही त्याची, ओटीपी त्याने दिलेला, खातं त्याचं. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. एजंटला नाही, रिटर्नवाल्याला. आम्ही नोटीस यायच्या आत सुधारित आणि, त्याची मुदत गेलेल्या वर्षांसाठी, अपडेटेड रिटर्न भरून पैसे परत केले. तो बराच वेळ पेटीचं झाकण लावायचं विसरून बसला होता. साहेबांनी मागची रिटर्नं कुणाकडून भरून घेतली असतील, तर तीही एकदा उघडून बघा. चूक निघाली तर अपडेटेड रिटर्नची सोय आता कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आहे. जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो, म्हणून जितकं लवकर तितकं बरं.

थकबाकीचं एक राहिलं. वन रँक वन पेन्शन (सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन) १ जुलै २०१४ पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी तिची फेररचना होते, म्हणजे २०१९ आणि २०२४. प्रत्येक वेळी थकबाकी नंतर एकदम येते आणि मागच्या वर्षांचे पैसे या वर्षाच्या दरात सापडतात. साहेबांच्या ४,२०,००० मध्ये अशी थकबाकी असेल, तर कलम ८९ खाली सवलत काढता येते. तिच्यासाठी फॉर्म १०ई ऑनलाइन भरायचा, तोही रिटर्नच्या आधी. सवलत रिटर्नमध्ये मागितली आणि १०ई भरलाच नाही, तर ती कापून मागणीपत्र येतं. ही चूक मी सुरुवातीला स्वतःच्या वडिलांच्या रिटर्नमध्ये केली आहे.

आता पैसे. ९४,३८० कर, वर व्याज, कारण साहेब साठीच्या आतले आहेत आणि ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरलेला नाही. जुलैत भरलात तर कलम २३४ब चे (आगाऊ कर न भरल्याचे) ३,७७२ आणि २३४क चे (हप्ते चुकल्याचे) ४,७५९ धरून एकूण १,०२,९१० च्या आसपास बसेल. ई-पे टॅक्समध्ये सेल्फ असेसमेंट निवडून भरा, चलनाचा क्रमांक आणि बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) रिटर्नमध्ये उतरवा, देणं शून्य झालेलं दिसलं की मगच सादर करा. मुदत ३१ जुलै, आणि सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय.

चालू वर्षाचं आजच बघा. साहेबांनी बँकेच्या पगार विभागाला पेन्शनचा वर्षाचा आकडा लेखी देऊन तो धरूनच कर कापायला सांगायचं. दर महिन्याला साडेसहा हजारांच्या वर कापले जातील, साहेब दोन दिवस कुरकुरतील. बँकेने ऐकलं नाही तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. उसाचा हिशेब बँक धरणार नाही, तेवढा फरक या चार तारखांना वाटून तुम्हालाच भरावा लागेल. मार्चपर्यंत कारखान्याचा पहिला हप्ता तरी खात्यावर आलेला असतो.